नित्याच्या सवयी व स्तनांचा कर्करोग : भगिनीवर्गासाठी एक पाठ

या पत्रकात सण, व्रते आणि उत्सव यांविषयीचे लेख वाचकांस नेहमी वाचावयास मिळतात. आजचा विषय त्याहून निराळा आहे. तो सभामंडपात कोणी उघडपणे काढीत नाही. घरांतूनही तो दबक्या आवाजातच बोलला जातो. तो विषय म्हणजे स्तनांचा कर्करोग. आम्ही वैद्यकीचे शिक्षण घेतलेले नाही. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले आहे. परंतु या विषयावर जे प्रमाणभूत लिहिले गेले आहे ते समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न केला, आणि ज्या गोष्टी निश्चित आहेत तेवढ्याच येथे मांडावयाच्या असे ठरविले. भगिनींनी हा पाठ स्वतः वाचावा आणि घरातील पुरुषांसही वाचावयास द्यावा, ही विनंती.

हा विषय नारायणगुड्याच्या पत्रकात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. देशातील कर्करोग्यांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या गावी तरुण व वृद्ध यांचे प्रमाण सारखे नसते. म्हणून वयाचा हिशेब समान करून त्यात दर लाख स्त्रियांमागे दरवर्षी किती जणींना रोग होतो ते दिले आहे. स्तनांच्या कर्करोगाचे हे प्रमाण हैदराबाद जिल्ह्यात ४८.० होते, आणि त्या अहवालातील सर्व ठिकाणांत ते सर्वाधिक होते. चेन्नई, बंगळूर व दिल्ली ही शहरे त्याच्या खाली होती. त्याच अहवालात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड या दोन जिल्ह्यांची एकत्रित नोंद आहे. तेथे स्त्रियांना होणाऱ्या सर्व प्रकारच्या कर्करोगांची बेरीज ४९.४ आहे. म्हणजे तेथे सर्व कर्करोग मिळून जितके, जवळजवळ तितका येथे एकटा स्तनांचाच कर्करोग.

आम्हां हैदराबादच्या मराठी मंडळींना हे दोन आकडे शेजारी ठेवले की विचार करणे भाग पडते. १९५६ सालच्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत बीड व उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. काचिगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, नारायणगुडा येथील कितीतरी मराठी घराण्यांची मुळे मराठवाड्यात आहेत. आत्या तिकडे आणि भाची इकडे, असे आमचे नाते आहे. रक्त एक, मग रोगाच्या प्रमाणात एवढे अंतर का? खेड्यापाड्यांत तपासणी कमी होते, काही रोगी नोंदीवाचून राहतात, हे खरे आहे. तरी तेवढ्याने हा फरक पुसला जात नाही. शहरांत हा रोग अधिक व खेड्यांत कमी, असे देशात सर्वत्रच आढळते. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. राहणी मात्र बदलते. या राहणीतील कोणत्या गोष्टी आपल्या हाती आहेत आणि कोणत्या नाहीत, एवढेच या पाठात पाहावयाचे आहे.

रोगाचे स्वरूप

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आणि हा व्यवहार शिस्तीने चालतो. क्वचित एखादी पेशी ही शिस्त मोडते व अमर्याद वाढू लागते. तिचाच पुढे गोळा होतो. वेळीच उपाय न झाल्यास त्या पेशी काखेतील ग्रंथींत आणि तेथून हाडे, फुप्फुसे, यकृत यांत पसरतात. स्तनांच्या कर्करोगांपैकी पुष्कळसे ईस्ट्रोजेन नावाच्या स्त्रीसुलभ अंतःस्रावावर पोसले जातात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक विवेचन सुलभ होईल. ज्या कारणांनी हा स्राव दीर्घकाळ वा अधिक प्रमाणात स्तनांस लागतो, त्या कारणांनी धोका वाढतो.

काही कारणे सर्वथा आपल्या हाताबाहेरची आहेत. स्त्रीदेह लाभणे हेच त्यांतील पहिले. पुरुषांनाही हा रोग होतो, परंतु शंभरांत एखाद्यालाच. वाढते वय हे दुसरे. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधीच, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, हा रोग अधिक दिसतो. पाळी लवकर सुरू होणे व उशिरा जाणे हे तिसरे. घराण्यातील दोष हे चौथे; परंतु खरा आनुवंशिक दोष शंभर रोग्यांपैकी पाच ते दहा जणींतच असतो. आई, बहीण वा मावशी यांना कमी वयात हा रोग झाला असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. तसेच, घराण्यात कोणाला नाही म्हणून आपण सुरक्षित, असेही मानू नये.

शहाणपण व दोषारोप

पहिले मूल लवकर होणे, मुले अधिक असणे आणि अंगावर दूध पाजणे यांनी या रोगाचा धोका घटतो, हे फार पूर्वी ध्यानात आले. इंग्लंडमधील डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली रोग झालेल्या ५०० व न झालेल्या ५०० स्त्रियांची तुलना करून हे दाखविले. पुढे २००२ साली तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करण्यात आले. त्यांत असे आढळले की दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका शेकडा ४.३ ने घटतो आणि दर बाळंतपणामागे शेकडा ७ ने घटतो.

हे वाचून काही वडीलधारी मंडळी लगेच म्हणतील, "पाहा, मुलींना शिकविले, लग्ने उशिरा केली, त्याचे हे फळ!" आमचे नम्र मत असे की हा निष्कर्ष चुकीचा आहे. आमच्या पणजीच्या काळी बाराव्या-चौदाव्या वर्षी लग्ने होत, आणि बाळंतपणातच किती जणी दगावत याची मोजदाद कोणी ठेवली नाही. मुलींचे शिक्षण, सज्ञान वयातील विवाह व बेताची मुले हे लाभच आहेत. ते परत देऊन कर्करोग टाळावयाचा नाही. त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. जी माता बाळाला अंगावर पाजते तिला त्यासाठी वेळ, विसावा व पोटभर अन्न मिळाले पाहिजे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत वा अधिक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सून नोकरीस जाते म्हणून तिला बोल लावण्यापेक्षा घरातील कामे वाटून घेतली तर ते अधिक उपयोगी पडेल. ज्यांना मूल झाले नाही वा दूध आले नाही, त्यांनी मनास लावून घेण्याचे काहीच कारण नाही.

ताट, वजन व उपवास

पाळी जाईपर्यंत ईस्ट्रोजेन मुख्यतः बीजकोशांत तयार होते. पाळी गेल्यावर ते काम शरीरातील चरबी करू लागते. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर अंगावर चढलेली चरबी ही केवळ शोभेची बाब राहत नाही. पाळी गेलेल्या स्थूल स्त्रियांना हा धोका बेताच्या वजनाच्या स्त्रियांपेक्षा शेकडा २० ते ४० ने अधिक असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी शहरी व ग्रामीण स्त्रियांची तुलना केली, तेव्हा पोटाभोवतीच्या चरबीचा संबंध दोन्हीकडे स्पष्ट दिसला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेलंगणातील शहरी स्त्रियांपैकी दर दहांत सुमारे चार जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या आत असावा, असे आपल्याकडील स्त्रियांसाठी सांगतात. शिवणकामाची फीत घरोघरी असतेच.

हे वजन कोठून येते? मेजवान्यांपेक्षा ते रोजच्या लहान गोष्टींतून अधिक येते. चहाचेच पाहा. दिवसाकाठी चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चाळीस ग्रॅम साखर रोज पोटात जाते. वर्षाची बेरीज साडेचौदा किलो होते! त्याबरोबर उस्मानिया बिस्किटे, सायंकाळी मिरची-भजी, आणि रात्री उशिरा पांढऱ्या भाताचे जेवण. मराठवाड्यातून येताना आपण ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांचे ताट घेऊन आलो होतो. येथे हळूहळू भाकरी सणाची झाली आणि गोडधोड रोजचे झाले.

उपवासाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पुजाऱ्याच्या घरी वाढल्यामुळे उपवासाचे फराळ आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. त्यात तूप, दाण्याचे कूट, बटाटा घालून खिचडी केली, जोडीला तळलेले वडे व रताळ्याच्या गोड फोडी झाल्या, म्हणजे नेहमीच्या जेवणापेक्षा अधिक उष्मांक पोटात जातात. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण उगीच पडलेली नाही. भगर, ताक, फळे, राजगिरा यांवर उपवास उत्तम होतो. प्रसादाचा पेढा नाकारू नये. परंतु प्रसाद हा चिमूटभर घ्यावयाचा असतो, वाटीभर नव्हे.

येथे एक सावधगिरीची सूचना. अमुक एक पदार्थ खाल्ला तर हा रोग होत नाही, असे कोणत्याही पदार्थाविषयी सिद्ध झालेले नाही. हळद स्वयंपाकात शोभते. औषधाच्या जागी तिला बसवू नये. त्याचप्रमाणे चोळी घट्ट असल्याने, मार लागल्याने किंवा रोग्याच्या स्पर्शाने हा रोग होतो, हे समज निराधार आहेत.

चालणे

आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रिया दळण, पाणी, धुणे, सारवण यांत दिवसभर राबत. ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु यंत्रांनी कष्ट वाचविले तेव्हा त्याबरोबर हालचालही वाचली, आणि वाचलेला वेळ बसण्यात गेला. नियमित हालचाल करणाऱ्या स्त्रियांत हा रोग फारच कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा शेकडा १० ते २० ने कमी आढळतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, श्वास थोडा वाढेल अशा गतीने चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतकी गती असावी.

नारायणगुड्याच्या चौकातील रहदारीत चालणे कठीण आहे, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु पहाटे गल्ल्या मोकळ्या असतात, आणि इंदिरा पार्क फार दूर नाही. चार जणी मिळून निघाल्या तर भीती राहत नाही व खंडही पडत नाही. मंदिरातील प्रदक्षिणांचाही येथे उपयोग होईल. मात्र अकरा प्रदक्षिणा घालून अर्धा तास ओट्यावर गप्पा मारल्या, तर हिशेब गप्पांच्याच बाजूचा राहील.

मद्य, तंबाखू, जागरण व गोळ्या

मद्य हे या रोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. दररोज सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क, म्हणजे एक लहान पेला, एवढ्यानेही धोका शेकडा ७ ते १० ने वाढतो. आमच्या वाचक भगिनींत हे व्यसन नसेल. तरी नव्या पिढीच्या मुली कचेरीच्या मेजवान्यांतून जातात. त्यांना हे दरडावून सांगण्यापेक्षा माहिती म्हणून सांगावे.

मशेरी व तंबाखू यांचा मुख्य घाव तोंडावर पडतो हे सर्वश्रुत आहे. परंतु तंबाखू ओढणाऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या जखमाही उशिरा भरतात, आणि तंबाखू कोणत्याही स्वरूपात असो, कर्करोगाच्या उपचारकाळात ती सोडणेच हिताचे.

हैदराबाद आता संगणकाच्या व्यवसायाचे शहर आहे. आपल्या कितीतरी लेकीसुना रात्रपाळी करतात. रात्रपाळीच्या कामाने कर्करोगाचा संभव बहुधा वाढतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे मत २००७ साली झाले व २०१९ साली ते कायम राहिले. नोकरी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रात्री काम करून आलेल्या सुनेला सकाळी नऊ वाजता पाहुण्यांच्या चहासाठी उठवू नये, एवढे तर घरच्यांच्या हाती आहे.

पाळी गेल्यानंतर त्रास होतो म्हणून अंतःस्रावाच्या गोळ्या देतात. त्यांतील संयुक्त गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीनेच घ्याव्यात. याच संदर्भात आणखी एक गोष्ट. सत्यनारायण, मंगळागौर वा यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. त्याही अंतःस्रावाच्याच गोळ्या आहेत. ज्यांना स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून अशी एकही गोळी घेऊ नये. पूजा पुढच्या आठवड्यात होऊ शकते.

सर्वांत घातक सवय

वर सांगितलेल्या सर्व सवयी पाळूनही हा रोग होऊ शकतो. त्या धोका कमी करतात, नाहीसा करीत नाहीत. म्हणून आता जी सवय सांगावयाची ती सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे लपविण्याची सवय.

आमच्या परिचयातील एका काकूंची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे देतो. श्रावणात स्नान करताना त्यांच्या हाताला काखेजवळ गाठ लागली. दुखत नव्हती. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. "आईला असला रोग आहे" असे सोयऱ्यांच्या कानी गेले तर लग्न मोडेल, या भयाने त्यांनी कोणालाही सांगितले नाही. देवाला नवस केला, सोळा सोमवार धरले, गाठीवर लेप लावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्या घरी आल्या तेव्हा आमच्या आईने वाण देताना पाहिले की त्यांना उजवा हात नीट उचलता येत नाही. तिने त्यांना आत नेऊन विचारले, आणि सहा महिन्यांचे रडणे एकदम बाहेर आले. आमच्या वडिलांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "काकू, नवस फेडायला सवड आहे, गाठ दाखवायला नाही. उद्या सकाळी निघा." दुसऱ्या दिवशी आमची आई त्यांच्याबरोबर गेली. तोवर रोग काखेतील ग्रंथींत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधांचे सहा फेरे झाले, किरणोपचार झाले. मुलीचे लग्न त्याच वैशाखात त्याच घरी झाले. सोयऱ्यांनी लग्न मोडले नाही, उलट मांडवात काकूंसाठी आराम-खुर्ची ठेविली. ज्या भयाने सहा महिने घालविले ते भय खोटे होते. रोग मात्र खरा होता.

या सहा महिन्यांचे मोल काय? देशातील अकरा नोंदणी केंद्रांतील २०१२ ते २०१५ या काळच्या सतरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. रोग स्तनापुरताच असताना उपचार झालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर शेकडा ८१ जणी हयात होत्या. आसपासच्या ग्रंथींत गेल्यावर हे प्रमाण शेकडा ६५.५ झाले, आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर शेकडा १८.३. कोणत्याही आहाराने वा व्यायामाने एवढा फरक पडत नाही, जेवढा वेळीच दाखविल्याने पडतो.

तरीही आपल्याकडे तपासणीची चाल नाही. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधीही करून घेतलेल्या स्त्रिया देशभरात शेकडा एकही भरल्या नाहीत. आणि ही तपासणी महाग आहे असेही नाही. मुंबईत १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांची मोठी चाचणी आरंभिली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका वस्त्यांत जाऊन निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासत. २०२१ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नास वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० ने घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत अशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी शिकलेले दोन हात काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

केवळ स्वतः चाचपून पाहिल्याने मृत्यू घटतात असे मात्र शांघाय येथील मोठ्या चाचणीत आढळले नाही. तेव्हा आपल्या शरीराची ओळख असावी, बदल दिसताच दाखवावे, आणि तीस वर्षांनंतर आरोग्यसेविका वा डॉक्टर यांच्याकडून ठराविक काळाने तपासून घ्यावे. सरकारी योजनेप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ही सोय दर पाच वर्षांनी सांगितली आहे. पुढील चिन्हांपैकी एकही दिसल्यास वाट पाहू नये : स्तनात वा काखेत गाठ, मग ती दुखो वा न दुखो, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, बोंडावरील न भरणारी जखम, आकारात नवा फरक. अशा पुष्कळशा गाठी कर्करोगाच्या नसतातच. परंतु ते ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, शेजारणीचा नव्हे.

आपल्या शहरात सोयींची वाण नाही. लकडीकापूलजवळ रेड हिल्स येथे मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय १९५५ सालापासून आहे. बंजारा हिल्सवर बसवतारकम् रुग्णालय २००० साली सुरू झाले. पात्र कुटुंबांसाठी आरोग्यश्री योजना आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरात तेलंगणात तिची मर्यादा दहा लाख रुपये करण्यात आली.

उपचारकाळातील व नंतरच्या सवयी

रोग झाल्यावर सवयींचे काम संपत नाही. ते निराळ्या रीतीने सुरू होते.

औषधांच्या फेऱ्यांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व साध्या जंतूंचाही प्रतिकार होत नाही. अशा दिवसांत गर्दीत जाऊ नये, मग ती उत्सवाची का असेना. उघड्यावर चिरलेली फळे, न उकळलेले दूध व त्याचे पंचामृत घेऊ नये. तीर्थ-पंचामृत मस्तकी लावून नमस्कार केला तरी भक्तीत उणेपणा येत नाही. ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र असो वा दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे. या काळात उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत. रुग्णास व्रताचे नियम शिथिल असतात, हे आमचे वडील नित्य सांगतात. डाळ, दही, अंडे चालत असल्यास अंडे, असा पोषक आहार अवश्य आहे. मात्र दही घरी तापविलेल्या दुधाचे असावे.

शस्त्रक्रियेनंतर काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या हाताला सूज येण्याचा संभव असतो. पूर्वी असे सांगत की त्या हाताने काही उचलूच नये. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले की देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम केल्याने सूज बळावत नाही. म्हणून शिकविलेले व्यायाम रोज करावेत, हात जायबंदी करून ठेवू नये. विळीवर चिरताना, फोडणी देताना त्या हातास जपावे; चीर पडल्यास लगेच धुवावे. सूज असल्यास घट्ट बांगड्या त्या हातात घालू नयेत. त्या काढल्याने सौभाग्यास बाधा येत नाही, हे सासूबाईंनीच सुनेला सांगावे.

ज्यांचा रोग अंतःस्रावावर पोसणारा असतो, अशांपैकी अनेकींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे, कधी अधिक काळ, रोज घ्यावयाची असते. पाच वर्षे नियमाने घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. गोळी स्वस्त आहे, लहान आहे. आणि बरे वाटू लागले की नेमकी तीच विसरली जाते. तुळशीला पाणी घालण्याची वेळ जशी चुकत नाही, तशी त्या वेळेला ही गोळी जोडून द्यावी. एकादशीलाही ती घ्यावयाचीच.

चालणे, वजन आटोक्यात ठेवणे व मनास उभारी देणारी संगत यांनी थकवा कमी होतो, हे आता सर्वमान्य आहे. टाटा स्मारक रुग्णालयात ८५० रुग्ण स्त्रियांवर योगाभ्यासाची चाचणी झाली व २०२२ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. योग करणाऱ्यांचे जीवनमान सुधारले व रोग उलटण्याच्या बाबतीतही लाभाची चिन्हे दिसली. मात्र त्या सर्व स्त्रियांचे औषधोपचार पूर्णपणे चालू होते. योग औषधाबरोबर आहे, औषधाऐवजी नाही.

आणि शेवटी घरच्यांसाठी. "मागच्या जन्मीचे पाप", "हिनेच काही केले असेल" अशी वाक्ये रुग्णाच्या कानी पडू देऊ नयेत. सवयींचा अभ्यास आपण पुढची काळजी घेण्यासाठी करतो, मागचा दोष शोधण्यासाठी नव्हे. बेताच्या वजनाच्या, रोज चालणाऱ्या, चार मुलांना अंगावर पाजलेल्या स्त्रीलाही हा रोग होतो. तिने काहीही चुकीचे केलेले नसते. आपल्या घरांत स्त्री सर्वांच्या मागून जेवते, सर्वांच्या मागून निजते आणि दुखणे सर्वांच्या मागून सांगते. या तीनही सवयी तिने एकटीने सोडावयाच्या नाहीत. घरानेच त्या सोडवावयाच्या आहेत.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी एका व्यक्तीमागे महिन्याला किती साखर व तेल लागते? या आठवड्यात मोजून पाहावे.

२. आपल्यापैकी किती जणींनी तीस वर्षांनंतर एकदा तरी तपासणी करून घेतली आहे? ज्या राहिल्या त्या कोणाबरोबर व कोणत्या दिवशी जातील, ते याच बैठकीत ठरवावे.

३. उपवासाचा असा एक फराळ सुचवावा की ज्यात तळण नाही व साबुदाणाही नाही.

४. उपचार घेत असलेल्या भगिनीच्या घरी आठवड्यातून एक वेळचा डबा पोहोचविणे आपल्या मंडळास शक्य आहे काय? असल्यास वार वाटून घ्यावेत.

५. आपल्या घरी कोणी दुखणे लपवीत असेल, तर ते तिला कोणाजवळ सांगता येईल? त्या माणसाचे नाव प्रत्येकीने मनाशी ठरवावे, आणि दुसऱ्या कोणाचे ते माणूस आपण होऊ शकतो काय, याचाही विचार करावा.